शून्य कसं थांबवायचं

या पुस्तिकेत एकच गाणं आहे: क्वीन या ब्रिटिश बँडचं ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’. मजकूर छापायला दिला तेव्हा छापखान्यातल्या गृहस्थांनी विचारलं, बाकीची गाणी दुसऱ्या भागात घेणार का? म्हटलं, दुसरा भाग नाही. त्यांनी पानं पुन्हा चाळली. चार आडव्या रेघा, रेघांवर आकडे, आणि आकड्यांत सगळ्यात जास्त भरणा शून्यांचा. ‘एवढ्या शून्यांचं करायचं काय?’ ते म्हणाले. थट्टेनंच म्हणाले, पण प्रश्न अचूक होता. मी बेस गिटार शिकायला लागलो त्याला आता अकरा वर्षं झाली, आणि त्यातली निदान तीन मी याच प्रश्नावर घालवली आहेत.

ज्यांनी टॅब पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टॅब म्हणजे टॅब्लेचर. बेस गिटारला चार तारा, म्हणून चार रेघा. आकडा ज्या रेघेवर असेल त्या तारेवर तेवढ्या क्रमांकाच्या फ्रेटमागे बोट दाबायचं. पाच म्हणजे पाचवा फ्रेट. शून्य म्हणजे मोकळी तार, बोट न लावता छेडायची. दहा मिनिटांत येणारी लिपी आहे. पहिल्या दिवशी एवढंच उलटं वाटतं की वाद्य धरून खाली पाहिलं तर जाड तार आपल्या बाजूला वर असते आणि बारीक तार जमिनीकडे, टॅबमध्ये मात्र बारीक तारेची रेघ सगळ्यात वर. वाद्य मांडीवर उताणं झोपवून पाहा, चित्र जुळतं.

आता गाणं. १९८० सालच्या ‘द गेम’ या अल्बममधलं हे गाणं क्वीनचा बेसवादक जॉन डीकन यानं रचलं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ते अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. बेसची चाल दोन छोट्या पायऱ्या उतरून खालच्या ‘ई’वर येते आणि तिथे तीन ठोके देते. मग पोकळी. पोकळीनंतर उरलेलं अर्धं वाक्य. पुन्हा तेच. हा खालचा ‘ई’ म्हणजे सगळ्यात जाड तार, मोकळी. टॅबमध्ये शून्य, शून्य, शून्य.

नवा विद्यार्थी ही शून्यं पाहून खूश होतो. डाव्या हाताला कामच नाही! तो तार छेडतो, आणि जे ऐकू येतं ते काही केल्या गाण्यासारखं होत नाही. मूळ ध्वनिमुद्रणात तीन सुटे, कोरडे ठोके आहेत, भिंतीवर मूठ आपटावी तसे. याच्या हातून मात्र एकच लांबलचक घुमणारा आवाज निघतो, मधून मधून थोडा वाढणारा. कारण साधं आहे. फ्रेटवर दाबलेला स्वर बोट सैल केलं की मरतो. मोकळी तार दाबलेलीच नसते, त्यामुळे सैल करायला बोटच नाही. बेसची जाड तार एकदा छेडली की कितीतरी वेळ गुरगुरत राहते. पंधराव्या फ्रेटपेक्षा अवघड आकडा कोणता असेल तर तो शून्य, हे मी पहिल्याच दिवशी सांगतो. कोणी विश्वास ठेवत नाही.

टॅब इथे काहीच मदत करत नाही. बोट कुठे ठेवायचं ते टॅब सांगतो. आवाज केव्हा सुरू करायचा ते आकड्यांमधल्या अंतरावरून अंदाजानं कळतं. आणि केव्हा बंद करायचा ते टॅबमध्ये लिहिण्याची सोयच नाही. गिटारवर लीड वाजवणाऱ्याचं यावाचून एक वेळ चालून जातं. बेसवाल्याचं चालत नाही. ड्रमच्या शेजारी उभं राहून किती वेळ वाजायचं आणि किती वेळ गप्प बसायचं, याचेच त्याला पैसे मिळतात.

मराठी वाचकांसाठी यात आणखी एक खड्डा आहे, आणि त्यासाठीच ही पुस्तिका मराठीत लिहावीशी वाटली. आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी पेटी किंवा गाणं थोडंफार शिकलेलं असतं. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची स्वरलिपी डोळ्यांखालून गेलेली असते. त्या लिपीत स्वरापुढे आडवी रेघ आली की तो स्वर तितक्या मात्रा लांबवायचा. टॅबमध्येही आकड्यांपुढे आडव्या रेघांची रांग असते. पण ती रेघ म्हणजे नुसती तार. कागदावर तार काढायची तर काहीतरी काढायला हवं, म्हणून काढलेली. तिचा लांबवण्याशी संबंध नाही आणि थांबण्याशीही नाही. माझ्याकडे एक बाई येत, बँकेतून निवृत्त झालेल्या, पेटीवर बसलेला हात. त्या प्रत्येक शून्य रेघ संपेपर्यंत इमानेइतबारे लांबवत. त्यांचं चुकत नव्हतं, त्या दुसरी लिपी वाचत होत्या. मी त्यांना दोन महिने ‘आवाज तोडा, आवाज तोडा’ म्हणत राहिलो. मग एक दिवस त्यांनीच भातखंडे यांचं क्रमिक पुस्तक आणून माझ्यापुढे ठेवलं, आणि कुठे बिनसतंय ते माझ्या डोक्यात शिरलं.

माझं स्वतःचं सांगायचं तर मी याहून वाईट होतो. अडतिसाव्या वर्षी ऑफिसच्या वार्षिक कार्यक्रमासाठी बँड जमला. गिटारवाले चार, बेसवाला एकही नाही. सगळ्यात उंच मी, म्हणून बेस माझ्या गळ्यात. एका सहकाऱ्यानं याच गाण्याचा टॅब फाइल करून पाठवला. मी तो कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतला. त्या दुकानातल्या संगणकावर फाइल उघडताना फाँट बदलला. टॅब टंकलेखन यंत्रासारख्या फाँटमध्ये लिहितात. त्यात शून्याची आणि आडव्या रेघेची रुंदी सारखी असते, म्हणून चारही ओळी एकमेकींखाली बरोबर बसतात. दुसऱ्या फाँटमध्ये रेघ अरुंद, शून्य रुंद. ओळी सरकल्या, वरचं खालच्याच्या पुढे गेलं. शिवाय ओळ पानात मावेना म्हणून शेवटचे तीन आकडे पुढच्या ओळीवर उतरले. ते मला वेगळं वाक्य वाटलं आणि मी ते तसंच पाठ केलं. तीन आठवडे. तालमीत ड्रमवाल्यानं काठ्या खाली ठेवल्या आणि अगदी नम्रपणे विचारलं, ‘दादा, तुम्ही कुठलं गाणं वाजवताय?’

गाणं मी शेकडो वेळा ऐकलेलं होतं. तरी कानापेक्षा कागदावर विश्वास ठेवला.

टॅब ही काही संगणकाच्या काळातली आयडिया नाही. १५०७ साली व्हेनिसमध्ये ओत्ताव्यानो पेत्रुची यानं ल्यूट या वाद्यासाठीची टॅबची पुस्तकं छापली. तिथेही तारांच्या रेघा आणि फ्रेटांचे आकडे. इटलीवाले जाड तारेची रेघ वर काढत, म्हणजे वाद्य धरल्यावर दिसतं तसं. स्पेनच्या लुईस दे मिलान यानं १५३६ सालच्या विहुएला या वाद्याच्या आपल्या पुस्तकात ती उलटी केली, बारीक तार वर, आजच्या टॅबसारखी. फ्रान्समध्ये आकड्यांऐवजी अक्षरं. हे सगळं असो. मला या जुन्या पानांतली दुसरीच गोष्ट मोलाची वाटते: रेघांच्या वर वेळेच्या खुणा असत. काठी, काठीला एक शेपूट, दोन शेपट्या. त्यावरून कुठला आघात किती अंतरावर ते कळे. पाचशे वर्षांपूर्वीच्या टॅबला वेळ माहीत होता. आपण संगणकाच्या कळफलकावर टॅब टंकायला लागलो, त्या कळफलकावर शेपट्या नव्हत्या, म्हणून त्या गळल्या. छापील पुस्तकांत टॅबच्या डोक्यावर पाश्चात्त्य स्वरलेखनाचे पट्टे देतात, तिथे वेळ शाबूत असतो. पण हातोहात फिरतो तो टंकलेला टॅबच.

आणि फ्रेट नसते तर टॅबही नसता. लिओ फेंडर यानं १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला त्याआधी बेसवाले माणसाच्या उंचीचा उभा बेस वाजवत. त्याला फ्रेट नाहीत, बोट कुठे पडलं ते कानानंच ठरवायचं. फेंडरनं फ्रेट ठोकले आणि नावातच अचूकपणा घातला. ‘तिसऱ्यावर ठेव’ असं बेसवाल्याला सांगता यायला लागलं ते तेव्हापासून.

टॅबबद्दल दुसरा एक गैरसमज काढून टाकायला हवा. टॅब म्हणजे रचनाकाराची वही नव्हे. बहुतेक रॉक गाण्यांत बेसची चाल कोणी लिहिलेलीच नसते. टॅब असतो तो कुणा ऐकणाऱ्याची साक्ष, आणि साक्षीदार चुकतात. ‘सेव्हन नेशन आर्मी’ या द व्हाइट स्ट्राइप्सच्या २००३ सालच्या गाण्याची सुरुवातीची चाल जगभरच्या बेस शिकणाऱ्यांना पहिल्या आठवड्यात देतात. तो बेस नाहीच. त्या बँडमध्ये बेसवादकच नव्हता. जॅक व्हाइटनं गिटारच पेडलमधून एक सप्तक खाली उतरवून वाजवली. बेसचा टॅब म्हणून जे मिळतं ते भाषांतर आहे. चांगलं भाषांतर, पण भाषांतरच.

खुद्द रचनाकाराच्या स्मरणशक्तीवर भरवसा ठेवावा, तर तेही नाही. १९८१ मध्ये स्वित्झर्लंडच्या मोंत्रो गावी क्वीन आणि डेव्हिड बोवी मिळून ‘अंडर प्रेशर’ रचत होते. डीकननं बेसची चाल काढली, सगळे जेवायला गेले, आणि परत आल्यावर तो ती विसरला होता. आठवण कोणी करून दिली, यावर त्यांच्यातही एकमत नाही. चालीत स्वर दोनच! टॅब लिहायचा तर पोस्टाच्या तिकिटावर मावेल. १९९० मध्ये व्हॅनिला आइस या रॅपरनं तीच चाल उचलली आणि आपल्या चालीत एक आघात जास्त आहे, सबब ती वेगळी, असा युक्तिवाद केला. शेवटी गाण्याच्या श्रेयात क्वीन आणि बोवी यांची नावं आली. आकड्यांकडे पाहिलं तर दोन्ही जवळपास सारखी, आणि भांडण ज्यावरून झालं तो आघात वेळेचा.

क्वीनचा आणि आपला एक धागा आहे, तो सांगितल्यावाचून राहवत नाही. बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, मूळचा फारूख बलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. १९५८ मध्ये तिथल्या मुलांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला, त्यात तो पियानो वाजवी. पाचगणीला सहलीला गेलेले आमचे विद्यार्थी शाळेच्या फाटकापुढे फोटो काढून पाठवतात. मी त्यांना सांगतो, बेसवाल्याचे फोटो दाखवा. डीकन फाटकापुढे उभा राहिला तरी कुणी ओळखलं नसतं. इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर, टाकाऊ भागांतून स्वतःचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर जोडणारा, मंचावर कडेला. पण गाणं त्याचं आहे.

‘टॅब म्हणजे आळशांची लिपी’ हे वाक्य मला वर्षातून दोनदा तरी ऐकावं लागतं, बहुधा स्टाफ नोटेशन येणाऱ्या वादकांकडून. त्यांचा अभिमान रास्त आहे. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना लहानपणीच स्टाफ वाचायला शिकवत. त्या वाचनाच्या जोरावर गोव्याचे वादक मुंबईला आले, आणि अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा यांच्यासारख्यांनी हिंदी चित्रपटसंगीताचे ताफे उभे केले. समोर कागद ठेवला की पहिल्या वाचनात वाजवणारी माणसं. टॅबवर शिकलेल्या कुणाला ते जमणार नाही, हे मी मान्य करतो. पण पंचेचाळिशीतल्या माणसाला, ज्याच्याकडे आठवड्यातले तीन तास आहेत, दोन वर्षं स्टाफ शिक आणि मग वाद्याला हात लाव असं सांगितलं तर तो घरी जातो आणि परत येत नाही. मी टॅबच्या बाजूचा आहे. फक्त त्याची गळलेली शेपटी परत लावून हवी.

म्हणून या पुस्तिकेत प्रत्येक टॅबच्या वर मात्रांची एक ओळ आहे: एक, दोन, तीन, चार. एका मात्रेचे चार भाग करायचे तिथे ‘तिरकिट’ लिहिलं आहे, कारण चार अक्षरं एका दमात म्हणायला आपल्याला याहून सोयीचा शब्द नाही. आणि जिथे आवाज तोडायचा तिथे रेघेखाली एक टिंब, पूर्णविरामासारखं. भातखंडेवाल्यांनी ते मंद्र सप्तकाचं समजू नये. बेसवर तसंही सगळं मंद्रच असतं.

आता मुद्द्याचं: टिंब आलं की करायचं काय? उजव्या हाताच्या तर्जनीनं तार छेडली असेल तर मधलं बोट पुढच्या आघाताची वाट न पाहता आधीच तारेवर येऊन बसतं. आवाज तिथेच मरतो. हा पहिला उपाय. दुसरा डाव्या हाताचा: बोटं तारांवर आडवी, सैल टेकवायची, दाबायचं नाही. इथे एक फसगत होते. पाचव्या, सातव्या किंवा बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर एकच बोट हलकेच टेकलं, तर तार गप्प बसण्याऐवजी घंटीसारखा बारीक स्वर काढते. म्हणून किमान दोन बोटं टेकवा. तिसरं काम अंगठ्याचं. जाड तार वाजत असताना अंगठा पिकअपवर असतो. बारीक तारेवर गेलात की तो जाड तारेवर उतरवून ठेवायचा, नाहीतर ती आपली आपण गुणगुणायला लागते. माँट्रियलमध्ये १९८१ च्या नोव्हेंबरात क्वीनच्या मैफिलींचं चित्रीकरण झालं, ते मिळतं. त्यात हे गाणं लागलं की गायकाकडे पाहण्याचा मोह आवरा आणि डीकनचे हात दिसतील तेवढे पाहा.

गाण्याची लय मिनिटाला साधारण ११० मात्रांची. हृदय बंद पडलेल्याची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबावी असं प्रथमोपचारात शिकवतात, त्यात हे गाणं नेमकं बसतं. पण त्याच्या नावाचा अर्थ ‘आणखी एक गेला’ असा असल्यानं शिकवणारे बी जीजचं ‘स्टेइंग अलाइव्ह’ पसंत करतात. आपण सुरुवात साठावर करू. साठावर तीन ठोक्यांनंतरची पोकळी फार लांब वाटते, हात शिवशिवतात, काहीतरी भरावंसं वाटतं. भरू नका. पहिला आठवडा फक्त ती पोकळी.

ऐकण्याबद्दल एक सूचना. जाड तारेचा ‘ई’ म्हणजे सेकंदाला सुमारे ४१ कंपनं. मोबाइलच्या स्पीकरला तो झेपत नाही. तिथे ऐकू येते ती त्याची सावली. इयरफोन लावा. शेजाऱ्यांना मात्र उलट अनुभव येतो: भिंत सगळं अडवते, बेस सोडून. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना माझं हे गाणं माझ्याआधी पाठ झालं होतं, आणि तिसऱ्या ठोक्यानंतर मी थांबत नाही हे त्यांनीच मला जिन्यात सांगितलं. ट्यूनर हाताशी नसेल तर रस्त्यावरच्या विजेच्या रोहित्राची घरघर ऐका. आपली वीज ५० हर्ट्‌झची, घरघर तिच्या दुप्पट, १०० ची. बेसची सगळ्यात बारीक मोकळी तार ९८ ची. अगदी तंतोतंत नाही, पण जवळपास पोचवते.

ज्या बाईंनी भातखंडे यांचं पुस्तक आणून दिलं त्यांनी या पुस्तिकेची सगळी टिंबं तपासली आहेत. दोन ठिकाणी माझी चुकली होती, ती त्यांनी दुरुस्त केली. तरी कुठे छापील टिंब आणि ध्वनिमुद्रण यांत फरक आढळला, तर ध्वनिमुद्रण खरं माना आणि पुस्तिकेत पेन्सिलनं दुरुस्ती करा. पानं त्यासाठीच जाड कागदाची घेतली आहेत. पहिला पाठ उघडण्याआधी चौथी, म्हणजे सगळ्यात जाड तार सुरात लावून घ्या.